गारबेटच्या कुरणातला आठवडा

"एका मिनिटासाठी पहाटे उठून एवढ्या लांब येता, तर आठवडाभर राहायला काय धाड भरलीय तुम्हाला?" असं नोरीन ऑलपोर्ट एकदा भर बैठकीत म्हणाली होती.

ती बैठक वुल्वरहॅम्प्टनमधल्या एका चर्चमागच्या हॉलमध्ये भरली होती. बाहेर जानेवारी. आत गॅसची शेगडी, चहाची मोठी किटली आणि खुर्च्यांखाली आडवी पडलेली कुत्री. कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतींच्या क्लबातली माणसं हसली, कारण बाई खोटं बोलत नव्हती. उन्हाळ्यातला प्रत्येक रविवार त्यांचा असाच जायचा. अंधारात उठायचं, कुत्र्याला गाडीत घालायचं, कुठल्यातरी गावाबाहेरच्या मैदानावर पोचायचं. तिथे अडथळे मांडलेले असत : उड्या, कापडी बोगदा, सी-सॉ, नागमोडी जायचे खांब, दोन रुंद फळ्या एकमेकींना टेकवून केलेला उंच चढ. आधी कुत्र्याशिवाय दोरीने आखलेल्या रिंगमधून फिरून वळणं पाठ करायची. मग सकाळभर रांगेत ताटकळायचं. मग कुत्रं मिनिटाच्या आत सगळं पार करायचं, नाहीतर दुसऱ्याच उडीला दांडी पाडायचं. झालं. परत गाडी, परत रस्ता, आणि "त्या वळणावर मी हात खाली ठेवायला हवा होता" एवढं एकच घर येईपर्यंत घोकत राहायचं.

या येण्याजाण्याची नोरीनला चीड होती. ती बस चालवायची. दिवसभर माणसं तिच्या पाठीमागे चढत, तिच्या डोक्यावरच्या आरशात थोडा वेळ बसत आणि उतरून जात. कोण कुठे गेलं ते आरशाला कळत नसे. रविवारी कुत्र्यांच्या मैदानावरही तेच पाहायचं असेल तर घरी बसलेलं काय वाईट, असं तिला वाटे.

तिला हवं होतं ते तिने लहानपणी पाहिलेलं होतं. तिचा बाप बिल्स्टनला फाउंड्रीत कामाला. ऑगस्टात भट्टी आठवडाभर विझवत, आणि त्या आठवड्यात अख्खी गल्ली उठून वेल्सच्या किनाऱ्यावर जायची. शेजारी तेच, भांडणं तीच, टोपणनावं तीच. फक्त धुराच्या जागी समुद्र. वर्षभर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन बायका तिथे एका चादरीवर बसून टाचणीने उकडलेल्या शंखातला मऊ गोळा काढून खात आणि हसत. बाप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहायचा. बाकीच्या वर्षात तो बसलेला किंवा झोपलेलाच दिसे. नुसता उभा राहिलेला बाप नोरीनने त्या आठवड्यातच पाहिला. पुढे फाउंड्रीची भट्टी विझली ती पेटलीच नाही. गल्ली पांगली. बाप खुर्चीत बसल्याबसल्याच गेला. आणि नोरीनच्या मनात तो आठवडा एखादी खोली कुलूप लावून ठेवावी तसा राहिला.

"आठवडाभर कुत्री पळवायची?" बैठकीत क्लाईव्ह टिमिन्सने विचारलं. क्लाईव्ह गालिचे विकायचा आणि त्याचा जेट नावाचा कॉली क्लबातला सगळ्यांत वेगवान कुत्रा होता. दोन्ही गोष्टी तो पहिल्या भेटीतच सांगून टाकायचा. "आणि संध्याकाळी काय करायचं, बाई? एकमेकांची तोंडं बघायची?"

"तुझं सोडून सगळ्यांची," नोरीन म्हणाली.

जागा तिनेच शोधली. सेव्हर्न नदीच्या काठी, श्रूजबरीच्या खालच्या अंगाला, गारबेट नावाच्या शेतकऱ्याचं मोठं कुरण होतं. चारा कापून झाला की ऑगस्टात ते रिकामं पडे, आणि पुन्हा गवत वर आलं की त्यावर त्याची गुरं चरत. म्हातारा गारबेट फाटकावर हात टेकून तिचं सगळं बोलणं ऐकत उभा राहिला.

"कुत्री बांधलेली असणार?"

"पळत नसतील तेव्हा."

"आणि माणसं?"

"माणसांचं मी बघते."

नवऱ्याने, हॉरेसने, हिवाळाभर मागच्या शेडमध्ये वेल्डिंग करून उड्यांचे खांब बनवले. तो हत्यारं घडवणारा कारागीर. मोजकं बोलायचा, आणि त्यातलंही निम्मं स्वतःशी. "तुझ्या या जत्रेपायी माझं बागेत बसणं गेलं," एवढीच त्याची तक्रार होती, आणि ती तो रोज जेवताना करायचा.

पहिल्या वर्षी एक चूक झाली. एका दिवसाच्या स्पर्धेत ती कुणाच्या हातून झाली नसती. लोकांना खुर्चीत बसून, हातात चहा घेऊन शर्यत पाहता यावी म्हणून नोरीनने कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, रिंगच्या चारी बाजूंनी अगदी खेटून लावून घेतल्या. दिसायला छान दिसलं. रविवार, सोमवार मजेत गेले. पण तोवर कुत्र्यांची त्या घरांमध्ये झोप झाली होती, जेवणं झाली होती. मंगळवार उजाडेपर्यंत कुरण त्यांच्या लेखी परका मुलूख राहिलंच नाही. घराभोवतालचं अंगण झालं.

क्लाईव्हचा जेट त्या दिवशी असा पळाला की लोक खुर्च्यांतून उठून उभे राहिले. एक दांडी पडली नाही, एक खांब चुकला नाही. शेवटच्या उडीपाशी आला, उडीकडे पाहिलं, आणि दोरीखालून सरळ निघून गेला. क्लाईव्ह दोन्ही हात वर करून ओरडत राहिला. जेट आपल्या कॅरॅव्हॅनच्या दारावरून पुढे गेला, शेजारच्या ग्लेनिसच्या कॅरॅव्हॅनपुढच्या कनातीत शिरला आणि तव्यावरचं बेकन घेऊन बाहेर आला.

"त्याला काय बोलणार?" ग्लेनिस झारा हातात धरून म्हणाली. "माझं स्वयंपाकघर तुझ्या शेवटच्या उडीपेक्षा जवळ आहे."

दुपारपर्यंत ही साथच पसरली. स्पॅनियल गेले, टेरियर गेले, एक लठ्ठ लॅब्रॅडॉर बोगद्यात डोकं घालून थांबला आणि मागे वळून डुलत डुलत बिछान्यावर जाऊन पडला. परीक्षक म्हणून आलेला माणूस शिट्टी फुंकून फुंकून दमला. नोरीनचा स्वतःचा टिंकर तर कधीच गेला नाही; त्याची खोड वेगळी होती. टिंकर कसल्या कसल्या जातींची सरमिसळ होता, एक कान उभा, एक पडलेला, दाढी शिक्षकासारखी. तो उंच चढावर चढायचा आणि माथ्यावर थांबून आजूबाजूचा प्रदेश पाहायचा. नदी, पलीकडच्या टेकड्या, गारबेटची गुरं. घड्याळ चालू असे. नोरीन खाली उभी राहून हाका मारायची, आणि तो थोड्या वेळाने, पाहून झाल्यावर, उतरायचा.

"टिंकरसाहेबांची पाहणी झाली का?" लोक ओरडायचे.

बुधवारी सकाळी नोरीनने सगळ्या कॅरॅव्हॅन उठवून वरच्या कडेला नेल्या. लोक कुरकुरले, शिव्याही दिल्या. तिने ऐकून घेतल्या आणि पुढच्या कॅरॅव्हॅनला हात घातला.

आठवडा संपला तेव्हा गारबेट कुरण पाहायला आला. जिथे कुत्री वळली होती, जिथे उडी मारून उतरली होती, तिथे गवताला टक्कल पडलं होतं. तो वाकला, एक ढेकूळ उचललं, मुळं पाहिली, परत ठेवलं.

"हा माझ्या गुरांचा हिवाळ्याचा घास आहे," तो म्हणाला. "जसं दिलं तसं परत मिळालं तर पुढच्या वर्षी या. नाहीतर मेंढ्या सोडतो इथे. मेंढ्यांना क्लब नसतो."

नोरीनने मान हलवली. तिला राग आला नाही. उलट, कुणीतरी तिच्या आठवड्याला खरी अट घातली याचं तिला बरं वाटलं. गंमत म्हणून चाललेल्या गोष्टीला कुणी अटी घालत नाही.

दुसऱ्या वर्षी तिने नियम केला. रोज संध्याकाळी, शेवटचं कुत्रं पळालं की, सगळ्या रिंग उचलून नव्या गवतावर न्यायच्या. दोऱ्या, खुंट्या, बोगदे, खांब, तो जड चढ, सगळं. ते झाल्याशिवाय कुणी चूल पेटवायची नाही. हॉरेस पातेल्यावर डाव आपटायचा आणि माणसं कॅरॅव्हॅनमधून बाहेर यायची. शिक्षिका, प्लंबर, पेन्शनीत निघालेले पोलीस, सगळे फळ्यांना खांदा द्यायचे.

"सुट्टीला आलोय की वेठबिगारीला?" क्लाईव्ह सी-सॉचं एक टोक धरून ओरडायचा.

"तू उचल. गालिच्यांवर बसून तुझं वजन पुष्कळ झालंय," दुसऱ्या टोकाकडून ग्लेनिस म्हणायची.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी नोरीनच्या लक्षात आलं की आता पातेलं वाजायच्या आधीच माणसं येऊन उभी राहतात. सामान पोचलं तरी ती लगेच पांगत नव्हती. नव्या गवतावर, मोकळ्या रिंगच्या मधोमध, खिशात हात घालून उभी राहत, आणि एकमेकांशी कशाबद्दलही बोलत. कुणाच्या गुडघ्याबद्दल, कुणाच्या मेलेल्या कुत्र्याबद्दल. नोरीन बाजूला बोगद्यावर बसून पाहायची. बाप पाण्यात उभा राहायचा तशी ही माणसं गवतात उभी आहेत, असं तिच्या मनात आलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी गारबेट आला, काठीने गवत इकडेतिकडे उलगडलं आणि "हं" म्हणाला.

तिसऱ्या वर्षी दुप्पट माणसं आली. वेल्सहून, लँकशायरहून, एक कुटुंब तर पार स्कॉटलंडहून. आणि सोमवारपासून पाऊस लागला. मोठा नव्हता, बारीक, थंड, मुळांपर्यंत हात घालणारा. सेव्हर्न दर सकाळी थोडी रुंद दिसायची. रिंग रोज हलत होत्याच, पण आता नवं गवत शोधावं लागत होतं. कुंपणालगत उंचावर एक लांबट पट्टी होती, फाटकापर्यंत जाणारी. ती नोरीनने पहिल्या दिवसापासून राखून ठेवली होती. तिथे पाऊल टाकू दिलं नव्हतं, कुत्रं फिरवू दिलं नव्हतं. शनिवारची अंतिम फेरी तिथे व्हायची होती. त्या फेरीसाठीच लोक आठवडाभर पळत होते.

आणि बुधवारी टिंकर पळाला. नोरीनला अजून कळलेलं नाही त्याला काय झालं होतं ते. पावसाने सगळा प्रदेश धुऊन काढला होता, टेकड्या दिसतच नव्हत्या. कदाचित त्याला पाहण्यासारखं काही सापडलं नसेल. तो चढला आणि त्याच दमात उतरला. खांबांतून सुईतून दोरा जावा तसा गेला. दांडी हलली नाही. शेवटच्या उडीपलीकडे त्याने नोरीनच्या छातीवर चिखलाचे दोन्ही पंजे ठेवले. अंतिम फेरीत त्याचं नाव लागलं.

हॉरेस कॅरॅव्हॅनच्या दारात टॉवेल घेऊन उभा होता. त्याने कुत्र्याला पुसलं, बराच वेळ पुसलं.

"आठ वर्षं झाली याला," तो म्हणाला. "आता पळाला गाढव."

"शनिवारी परत पळेल," नोरीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. एवढ्या वर्षांत तिला स्वतःसाठी काही जिंकावंसं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि ते वाटणं अंगात तापासारखं फिरत होतं.

शुक्रवारी सकाळी पाऊस थांबला. गारबेट आला. तो आणि नोरीन दोघंच कुरणभर चालले. खालच्या बाजूला त्याची काठी मुठीपर्यंत आत जात होती. कुंपणालगतच्या पट्टीवर मात्र ती बोटभर जाऊन थांबली.

"नदी रात्री इथपर्यंत येईल," तो खालच्या रिंगकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि पाऊसही परत येतोय. तुमच्या गाड्यांना बाहेर काढायचं असेल तर आज. ह्या पट्टीवरून, सरळ फाटकापर्यंत. उद्या काढायच्या म्हटलं तर ट्रॅक्टरने ओढाव्या लागतील, आणि मग हे कुरण राहणार नाही, नांगरलेलं शेत होईल."

"उद्या अंतिम फेरी आहे इथे."

"ठाऊक आहे."

"आज उरकली तर? दुपारी? मग लगेच गाड्या?"

गारबेटने बुटाच्या टाचेने पट्टीच्या कडेला गवत पिळलं. वरचा हिरवा थर सायीसारखा सरकला आणि खालून काळा गाळ दिसला.

"सरळ गेलेलं चाक गवताला झोपवतं, बाई. ते उठतं परत. वळणारा पाय मुळासकट काढतो. तुमची कुत्री वळतात. वर शेकडो माणसं बघायला उभी राहणार. एवढी साय फाटली की पहिलीच गाडी रुतेल, आणि मग आलाच ट्रॅक्टर." तो थांबला. "गाड्या आधी गेल्या तर तुमची शर्यत गेली. चाकाखाली चेपलेल्या चिखलावर कुत्रं घसरून पाय मोडून घेईल. दोन्ही होणार नाही. मी सांगत नाही काय करा ते. पुढच्या वर्षी मला विचारायला याल तेव्हा मी कुरणाकडे बघून उत्तर देईन, एवढंच."

तो गेल्यावर नोरीनने आपली गाडी मागे घेऊन कॅरॅव्हॅनला जोडली. कॅरॅव्हॅनचे टेकूचे पाय वर घेतले. कनात गुंडाळली. त्यांची कॅरॅव्हॅन रांगेत शेवटची, पट्टीच्या तोंडाशीच होती. टिंकरला तिने मागच्या सीटवर बसवलं.

"काय चाललंय?" हॉरेसने विचारलं.

"तयारी."

"कसली?"

तिने हात पुसले, किल्ल्या हॉरेसकडे दिल्या आणि क्लबाच्या मोठ्या तंबूकडे चालू लागली.

तंबूत सगळे दाटीवाटीने उभे होते. ओल्या लोकरीचा आणि ओल्या कुत्र्यांचा वास. नोरीनने गारबेटचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, काही घातलं नाही, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "अंतिम फेरी रद्द. जेवणाआधी निघायला सुरुवात करू."

सगळे एकदम बोलायला लागले.

"आठवडाभर चिखलात पळालो ते कशासाठी?"

"स्कॉटलंडहून आलोय आम्ही, बाई!"

क्लाईव्ह एका पेटीवर चढला. त्याचा जेट अंतिम फेरीत होता, अर्थातच. "हे बघा, कुरणं काय इंग्लंडमध्ये कमी आहेत? गारबेट नाही तर दुसरा कुणी. शेतकरी रागावतात, मग निवळतात. लोक आलेत ते शर्यतीसाठी."

"दुसऱ्या कुणाचं कुरण आपण असंच नासवायचं?" नोरीन म्हणाली. "मग तिसऱ्याचं? मग कोण देईल? क्लाईव्ह, पुढच्या वर्षी इथे आठवडा असला पाहिजे. बस्स. बाकी मला काही कळत नाही."

"मला कळतं," क्लाईव्ह म्हणाला. "टिंकरसाहेब पुन्हा माथ्यावर चढून देखावा बघत बसतील आणि अख्खं इंग्लंड हसेल, ह्याची धास्ती आहे तुला."

हशा पिकला. सगळे हसले नाहीत, पण पुरेसे हसले. हॉरेसचा चेहरा लाल झाला. "क्लाईव्ह, तू खाली उतर," तो म्हणाला. एवढ्या माणसांत तो बोललेला कुणी ऐकला नव्हता. क्लाईव्ह उतरला नाही.

नोरीनचे गाल जळत होते. त्या बोलण्यात एक कणही खरा नव्हता, आणि तरी ते लागलं. तिला टिंकर पळताना पाहायचा होता. इतका पाहायचा होता की सकाळी गारबेटची काठी पट्टीत बोटभरच गेली तेव्हा, तो पुढचं बोलायच्या आधी, तिला नुसता आनंद झाला होता.

"आपण क्लब आहोत," ग्लेनिस हळू म्हणाली. "नोरीन, रागवू नकोस गं. पण मत घ्यायला हवं."

"घ्या," कुणीतरी म्हणालं.

"अंतिम फेरी व्हावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. पुढचे, मधले, तंबूच्या खांबाला टेकलेले. स्कॉटलंडच्या कुटुंबाचे सगळे. ग्लेनिसचा, अर्ध्यावर थांबून मग पूर्ण. नोरीन एकेक हात पाहत गेली. हे हात तिने ओळखले. फळ्यांखाली रोज संध्याकाळी असायचे तेच. मग तिच्या शेजारचा हातही वर गेला, काळे डाग पडलेल्या नखांचा.

"एकदा तरी पळू दे गं त्याला," हॉरेस तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्यासाठी म्हणतोय."

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. इथे कुणीच वाईट नव्हतं. गल्लीतही कुणी वाईट नव्हतं, आणि ती कुठे गेली हे कुणाला सांगता आलं नव्हतं.

तिने हॉरेसच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या.

"अगं, कुठे निघालीस?" ग्लेनिस म्हणाली. "मोजायचेत अजून."

"नोरीन!" हॉरेस म्हणाला. त्याचा हात अजून वरच होता.

माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. क्लाईव्ह पेटीवरून खाली आला. नोरीनने तंबूचं ओलं जड कापड खांद्याने लोटलं आणि पट्टीवर पहिलं चाक घालायला आपल्या जोडून ठेवलेल्या गाडीकडे चालू लागली.